दीड मिनिटाचं जपानी गाणं

घोंगडीला वास असतो. भिजून वाळलेल्या मेंढीचा, चुलीच्या धुराचा, आन् कवातरी कुणीतरी सांडलेल्या च्याचा. त्या दिवशी सकाळी बापूनं त्याचा बेंजो घोंगडीत गुंडाळला, टेम्पोच्या हौद्यात माज्या मांडीवर ठिवला, आन् त्यो वास नाकात शिरला तसा मी पार मागं गेलो. मागं म्हंजे खरंच मागं गेलो. टेम्पो सुटला आन् माजं डोस्कं फाळक्यावर आपटलं. आठवणी काढायच्या तर कायतरी घट धरून काढाव्यात, ही अक्कल आमाला कुणी शिकवली न्हाई. शाळंनं तर मला दुसरीतच सोडलं. मी तिला सोडायच्या आदी.

बापू म्हंजे माजा चुलतभाऊ. वेल्ह्याच्या वरल्या अंगाला आमची वाडी. शेरडं, मेंढरं, दोन म्हशी, आन् त्यांच्यात मी. बापू पार्टीत बेंजो वाजवायचा. पार्टी म्हंजे वरातीत न् जत्रंत वाजवणारी. ढोल, ताशा, हलगी, आन् समद्यांच्या म्होरं बेंजो. लाकडाची लांबोडी पेटी, तिच्यावर तारा, आन् तारांवर टायपिंगच्या मशीनवानी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं पट्टी मारायची. मी बी पार्टीत हुतो. आदी मला ढोल दिला. मी ढोल वाजवला की नवरदेवाचं घोडं माघारी फिरायचं. मग ताशा दिला. मग नुसतं संगं चालायला सांगितलं. शेवटी खुळखुळा हातात दिला, म्हणले ह्यात काय चुकत न्हाई. म्या त्यात बी चुकवलं, पर ढोलाच्या आवाजात कुणाला ऐकू आलं न्हाई, म्हणून टिकलो.

बापूनं लई वर्सं झाली बेंजो वाजवला न्हाई. का न्हाई, ते इचारू नका. लोकं म्हणत्यात डीजे आला. तेवढं पुरं हाय. बेंजो माळ्यावर गेला आन् बापू टेम्पोवर गेला. आन् आता सारोळ्याच्या नानांच्या पार्टीचा बेंजो मोडला असं कानावर आलं, तसा बापू आपला बेंजो त्येंना द्यायला निघाला हुता. तसाच, फुकट. गंजण्यापरीस वाजंल तरी, म्हणला. मला संगं घेतलं कारण बेंजोला धक्का बसू ने म्हणून कुणाची तरी मांडी पायजे हुती. देवानं मला असल्याच कामाला बनवलंय.

मला त्यो द्यायचा नव्हता. बेंजो गेला की त्या समद्या दिसांची एक खूण बी आमच्याकडं उरणार नव्हती. पर खुळखुळेवाल्यानं बेंजोवाल्याला काय सांगावं? त्याच्या मागं मागं वाजायचं, एवढंच आपल्याला येतं. तवा मी मांडी देऊन गप बसलो, आन् नसरापूर येईस्तोवर मांडी बी गेली, मुंग्या आल्या.

आदी भोरला जायचं हुतं. बापूची पोरगी पूजा भोरला कॉलेजला हाय, रूम घिऊन राहती. तिला सुट्टी हुती, तिला घ्यायचं, मग सारोळं. एसटी स्टँडाम्होरं टेम्पो थांबला आन् मी खाली उतरलो, पाय झटकत. स्टँडाचा वास अजून तसाच हाय बगा. डिझेल, ओली पोती, फिनेल, आन् मदीच भेळंच्या चिंचंचं पानी. पर समोर जितं अशपाकभाईचं दुकान हुतं तितं आता चष्म्याचं दुकान झालंय. काचंत नुसतेच चष्मे मांडल्यात, डोळं न्हाईत.

तितं आदी चिप भरून मिळायची.

आताच्या पोरांना सांगितलं तर हसत्यात. आमचा मोबाईल म्हंजे बटणाचा, चायनाचा, पाठीला एवढं मोठं स्पीकर. वीट म्हणून भितीत बसवला असता तर बसला असता. त्यात नखाएवढी चिप घालायची. ती चिप घिऊन अशपाकभाईकडं जायचं, म्हणायचं भरून द्या, आन् पोत्यात दाणं भरावंत तशी त्यो तिच्यात गाणी भरून द्यायचा. आमी त्याला म्हणायचो, भाई, दाबून भरा. जसं काय चिप हलवली की गाणी खाली बसतील आन् वर अजून जागा हुईल.

एकदा मी म्हणलो, वरातीची भरा, भजनं भरा, आन् थोडी लावणी, पर लावणी खाली दडवून भरा, घरी आई हाय. असं सांगून मी भेळ खायला गेलो. मला वाचता येत असतं तर तितंच कळलं असतं. वाडीवर जाऊन चिप घातली, बटण दाबलं, आन् निघाली कार्टूनं. भजन न्हाई, लावणी न्हाई. काटेरी झुडपावानी केसांची पोरं पळत्यात, सायकलीवर एक पोरगी मागं वळून बगती, फुलांच्या पाकळ्या उडत्यात, आन् वर कुणीतरी गातंय. काय गातंय ते देवाला ठावं. आई म्हणली, ह्येच का तुजं भजन. म्या म्हणलं, परदेशातलं हाय.

दुसऱ्या दिवशी मी भांडायला भोरला गेलो. अशपाकभाईनं चष्मा वर केला. त्याच्या स्वताच्या आवडीची गाणी चुकून माज्या चिपमदी आली हुती. म्हणला, जपानची हायती. तिकडं कार्टून सुरू व्हायच्या आदी एक गाणं लावत्यात, आन् त्ये पुष्कळदा नव्या मानसाला गायला देत्यात. म्या, म्हणला, ह्यात नुसती पयली गाणी जमवलीत. ज्यानं त्यानं गायलेलं पयलंच.

म्या म्हणलं, मग मी काय करू?

"ऐकून तर बग," म्हणला. "मानूस पयल्यांदा गातो ना, तवा त्याला परत कुणी बोलवंल का न्हाई हे ठावं नसतं. म्हणून त्यो समदंच गाऊन टाकतो."

एवढं बोलून त्यानं भजनं भरून द्यायला चिप मागितली. आन् मला कुठनं बुद्धी झाली कुणास ठाऊक, म्या दिली न्हाई.

मग ती गाणी डोंगरावर गेली. माज्या संगं, शेरडांच्या संगं. तोरण्यावर ढग बसलेला, कारवीला पानी लागल्यालं, आंगावर घोंगडी, आन् घोंगडीत मोबाईल. बाहेर काढला की पावसानं मरायचा, म्हणून आतच वाजवायचा. घोंगडीच्या आत जपान आन् बाहेर वेल्हं. शेरडं आदी बिचकली. मग सवय झाली. एक म्हातारी शेळी तर गाणं लागलं की जवळ यिऊन उभी राहायची. मला वाटलं तिला गाण्याचा कान हाय. मग कळलं माज्या खिशात भाकरी असायची.

त्या बारक्या पडद्यावर मी रोज बगायचो. समद्याच गाण्यात कुणीतरी पळतं. का पळतं ठावं न्हाई. पळत पळत डोंगराच्या कडंला येतं, थांबतं, आन् आभाळाकडं बगतं. मला वाटायचं, आरं, हे तर माजंच काम हाय. फकस्त ह्यांच्या म्होरं शेळी दाखवत न्हाईत.

आन् आवाज. त्या आवाजाचं काय सांगू. पयल्या वेताची शेळी व्याताना कशी वरडती, तुमी ऐकली असंल. दुसऱ्या-तिसऱ्या वेताला ती तशी वरडत न्हाई, तिला ठावं असतं काय हुणार हाय. पयल्या वेताला न्हाई ठावं. भ्याव असतं, आन् भ्यावाच्या पोटात कसलातरी आनंद असतो, आन् दोन्ही एकाच आवाजात येतं. ती गाणी तशी हुती. कुणाच्या गाण्यात गिटार त्याच्या म्होरं पळायचं आन् त्यो मागनं धापा टाकत गाठायचा. एक पोरगी एवढ्या हळू सुरू करायची की मी बॅटरी उतरली म्हणून मोबाईल हापटायचो. आन् एक पोरगा, त्याचं गाणं मला समद्यात आवडायचं, त्यो तर घरातनं हाकलल्यावानी गायचा, आन् हाकलल्याचा त्याला लई आनंद झाल्यावानी. वरच्या सुराला त्याचा आवाज फाटायचा. आपल्याकडं असं फाटलं तर लोकं म्हणत्यात, पानी पाजा ह्याला. त्यानं ते तसंच ठिवलं हुतं, गाण्यात. मला त्येवढीच जागा परत परत ऐकू वाटायची. म्या मनात म्हणायचो, बाबा, तू कोण कुठला, पर तुजं काम चोख हाय.

बापूला ते गाणं म्याच ऐकवलं. त्यानं एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग बेंजो काढला. बापूचं बोट बटणावर असं फिरायचं की जसं आंधारात घरचं मानूस फिरतं, कुठं आपटत न्हाई. दुसऱ्या सांजंला चाल बसली. बापूचं नुकतंच पार्टीत म्होरं यायचं ठरलं हुतं. आदीचा म्होरक्या थकला हुता. त्या सालची जत्रा बापूची पयली जत्रा हुती, म्होरक्या म्हणून. पयलं गाणं आन् पयली जत्रा. मला तवा हे सुचलं न्हाई. मी खुळखुळ्यात नवं दाणं भरत हुतो.

वरव्याकडच्या एका गावची जत्रा. तितं रीत अशी, दिवस कलताना पालखी निघायची, आन् वेशीत दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीनं चाल टाकायची, दुसरीनं ऐकून जशीच्या तशी परतवायची. परतवली की मग दुसरीची पाळी, तिनं नवी टाकायची. ज्येला परतवता आली न्हाई त्यानं बाजूला व्हायचं, आन् पालखी जिंकल्याच्या मागनं जायची. समोर सारोळ्याची पार्टी हुती आन् तिच्या म्होरं नाना. नाना म्हंजे नाना. डोळं मिटून ऐकायचं, आन् तुमची चाल तुमच्यापरीस बरी वाजवून दाखवायचं. त्येंच्याम्होरं उभं राहायचं म्हणून आमच्या ताशेवाल्याला सकाळपासनं जुलाब हुते.

गुलाल, खोबरं, जनरेटरचा धूर, तळणाच्या तेलाचा वास. नानांनी आमच्या दोन चाली परतवल्या. आमी त्येंच्या कशाबशा परतवल्या. मग बापूनं जपानी टाकली.

आरं, काय वाजवली. त्या पोराचा फाटका सूर सुद्दा त्यानं तारंवर आणला. मानसं खांद्यावरच्या पोरांना गप करायला लागली. चाल पळत गेली, चढत गेली, पार वरच्या टोकाला गेली, आन् तितं थांबली. कारण आमच्या चिपमदी गाणं तितंच थांबायचं. पडद्यावर कायतरी नाव यायचं, आन् संपलं.

वेस गप झाली. नाना डोळं मिटून, पट्टी वर उचलून उभं. वाट बगत. पालखीचं भोई वाट बगत. आन् त्या शांततंत एकच आवाज झाला. खुळ. म्या केलेला. गाणं थांबलं हे मला उशिरा कळलं हुतं.

वेस फुटली हसून. लोकांना वाटलं म्या नानांना टोमणा मारला. पंचानं हात वर केला, नानांना परतवता आली न्हाई, पालखी वेल्ह्याच्या मागनं. नानांनी डोळं उघडलं. रागावलं न्हाईत. बापूला एवढंच म्हणलं की चाल अर्दी हाय, पुढलं वाजव, मग परतवतो. बापू म्हणला, नाना, एवढीच हाय. लोकं अजून हसली. नानांनी पट्टी खिशात घातली आन् बाजूला झालं. त्येंच्या पांढऱ्या टोपीवर गुलाल पडला हुता, त्यो त्येंनी झटकला न्हाई.

त्याच्यानंतर त्या चालीबिगर भोर-वेल्ह्यात वरात निघंना. आन् त्या थांबायच्या जागंची एक गंमतच झाली. चाल वर जाऊन थांबली की नाचणारी समदी मानसं हात वर करून तशीच उभी राहायची. नवरदेव सुद्दा. आन् मग मी एकदाच खुळ करायचो, की चाल परत पयल्यापासनं. माज्या चुकीला लोकं ताल म्हणायला लागली. एवढ्या मोठ्या पार्टीत माजं एकट्याचं वाजवणं तेवढंच हुतं, तुमी शिंकला असता तर तेवढ्यात निघून गेलं असतं. पर त्या खुळच्या आदी समदी वरात माज्या हाताकडं बगायची. आयुष्यात माज्याकडं कुणी तसं बगितलं न्हाई. बायकूनं बी न्हाई. तिनं बगितलं असतं तर लग्नाला उभी राहिली नसती.

तर भोरात पूजा आली, पाठीला पिशवी, कानात गाणी ऐकायची बोंडं. म्होरं केबिनमदी बसली. भाटघरला धरणाच्या खालती टेम्पो च्यासाठी थांबला. वाऱ्याला पान्याचा वास हुता. मी बेंजो मांडीवर घिऊनच च्या प्यालो, ठिवायचा कुठं? आन् पिता पिता त्या घोंगडीच्या वासानं तोंडातनं चाल निघाली. माजं गुणगुणणं म्हंजे शेळीला सर्दी. तरी पूजानं कानातलं बोंड काढलं.

"काका, हे तुमाला कसं येतं?"

म्या समदं सांगितलं. चिप, अशपाकभाई, जत्रा. ती बापाकडं बगाय लागली. बापानं हे तिला कदी सांगितलंच नव्हतं. बापू च्याच्या कपात बगत हुता, जसं काय तळाला कायतरी पडलंय.

मग ती सांगाय लागली. त्या पोराला सगळे वळखत्यात, काका. आता लई मोठा झालाय. आदी टेशनाभायेर उभा राहून गायचा, येणारी-जाणारी थांबायची न्हाईत. हे त्याचं पयलं गाणं, कार्टूनला लागलं आन् तिकडच्या पोरांच्या तोंडी झालं. तसली लई हायती. कुणी मोठी झाली, कुणाचं दुसरं गाणं कुणी ऐकलं बी न्हाई. पर मैत्रिणी म्हणत्यात, पयल्यासारखं परत कुणी न्हाई गायलं. म्या म्हणलं, हे तर अशपाकभाई बी म्हणला हुता. मनात म्हणलं, भाई, कुठं असशील तितं तुजं भलं हू दे.

पूजानं मोबाईलवर गाणं लावलं. तेच ते. हाकललेलं पोरगं, पळतंय, धापा टाकतंय, आवाज फाटतोय. टपरीवाला बी थांबून ऐकाय लागला. चाल वर गेली, टोकाला गेली, थांबली. माजा हात आपोआप वर आला. बापूनं कप खाली ठिवला आन् उठत म्हणला, चला.

आन् गाणं पुढं सुरू झालं.

बापू अर्दा उठलेला तसाच राहिला.

वर चढलेली चाल सावकाश खाली उतरत हुती. डोंगरावनं सांजंला मेंढरं उतरत्यात तशी, एकामागं एक, घाई न्हाई. त्या पोराच्या आवाजातली धाप गेली हुती. त्यो आता कुणाशीतरी हळू बोलल्यावानी गात हुता. वर एवढं वरडून जे सांगत हुता तेच आता जवळ बसून सांगत हुता. आन् मग परत चढला, पर ह्यावेळी निराळ्या वाटंनं, आन् शेवटाला जितं पोचला तितं मला बसल्या जाग्याला काटा आला. म्या शेरडं राखताना हजारदा त्या गाण्याच्या संगं कड्यापतुर गेलो, आन् हजारदा तितनंच माघारी आलो. खाली एवढी दरी हाय, नदी हाय, हे कुणी सांगितलंच न्हाई.

पूजा म्हणली, कार्टूनला दीड मिनिटाचं कापून लावत्यात. खरं गाणं हे असं असतं.

बापू परत खाली बसला. मग एवढंच म्हणला, "नाना खरं बोलत हुते."

तितनं सारोळ्यापतुर त्यो पूजाकडनं गाणं परत परत लावून घेत हुता. मला हौद्यात केबिनच्या मागल्या काचंतनं दिसत हुतं, त्याचा डावा हात स्टेरिंगवर, आन् बोटं हालत हुती.

नानांचं घर हायवेच्या अलीकडं, नीरेच्या पुलावरच्या गाड्यांचा आवाज येतो तितं. नाना अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत हुते. म्हातारं झाल्यात, पर पाठ ताठ. आमाला बगितलं, घोंगडीतलं वजं बगितलं, शेंगा म्होरं सारल्या. बापूनं बेंजो त्येंच्याम्होरं ठिवला, घोंगडी सोडली, आन् द्यायचं बोलायच्या जागी म्हणला, नाना, त्या दिवशी चाल अर्दीच हुती. आमालाच ठावं नव्हतं.

नानांनी एक शेंग फोडली. "मला ठावं हुतं. चाल वर चढून थांबली हुती. चढलेल्याला उतरावं लागतं, बाबा. वरच कोण राहतं?"

"वाजवून दाखवू?"

"त्याचीच वाट बगतोय," नाना म्हणले, "त्या वेशीपासनं."

तारा ढिल्या झाल्या हुत्या. बापूनं त्या पिळून घेतल्या, पट्टी हातात घेतली. पयल्यांदा बोटं आडखळली. मग घर सापडलं. चाल पळाली, चढली, थांबली. माजा मोकळा हात हवेत वर गेला आन् तितंच राहिला, कारण ह्यावेळी माजी गरज नव्हती. बापू पुढं गेला. उतरला. काही जागी चुकला, भाटघर ते सारोळं एवढ्याच वाटंत शिकल्यालं किती येणार, पर उतरला. पूजा तोंडावर हात घिऊन उभी हुती. बाप टेम्पो चालवतो एवढंच तिला ठावं.

नाना डोळं मिटून ऐकत हुते. संपलं तरी उघडलं न्हाईत. मग हात म्होरं केला. बापूनं बेंजो त्येंच्या मांडीवर ठिवला, आन् नानांनी समदी चाल परतवली. चढ, थांबणं, उतार, दुसरा चढ. सावकाश, म्हाताऱ्या बोटांनी. जितं बापू चुकला हुता तितं बराबर.

आन् मग बेंजो उचलला आन् परत बापूच्या म्होरं ठिवला.

"परतवली," म्हणले. "आता पाळी तुजी. नवी टाक."

बापू म्हणला, नाना, मी तर तुमाला द्यायला आणलाय.

"पाळी आंगावर असताना बाजा कुणाला देत न्हाईत. रीत हाय." नानांनी शेंगांची टरफलं हातानं गोळा केली. "जत्रा हाय पुढं. तितं टाक. आमी आमचा बाजा दुरुस्त करून घेतो तवर."

बापूनं बेंजो घोंगडीत गुंडाळला. लई येळ लागला त्याला गुंडाळायला. मी फिरून हौद्यात बसलो, मांडी पुढं केली. टेम्पो सुटायच्या आदी बापूनं केबिनची मागली काच सरकवली.

"खुळखुळा हाय का रं घरी?"

म्या म्हणलं, हाय की. बोकडाच्या गळ्यात बांधलाय.

"काढून घे."

म्या म्हणलं, बापू, खरं सांगू का, त्यो माज्यापरीस बरा वाजवतो.

बापूनं जरा इचार केला. "मग दोघं बी या," म्हणला, आन् काच लावली.